थॅलेसेमियाची चिप : कोल्हापुरातील एका लहान लॅबमध्ये वापरलेले पीसीआर यंत्र

बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहक (स्वतः आजारी नसलेल्या, पण बिघडलेल्या जनुकाची एक प्रत बाळगणाऱ्या) दाम्पत्यांची जनुकीय तपासणी गावातल्या गावात आणि त्याच दिवशी पूर्ण व्हावी, या हेतूने आमच्या लॅबने पीसीआरचे, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा अनेक पटींनी वाढवून तपासण्याचे, प्लॅस्टिकच्या छोट्या चिपवर चालणारे एक यंत्र विकत घेतले. त्याच्या वापराचा अनुभव येथे मांडत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. या धर्तीची यंत्रे एकाहून अधिक उत्पादक विकतात, आणि पुढे येणारे गुणदोष त्यांपैकी बहुतेकांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतील. यंत्रासाठी पूर्ण पैसे मोजलेले आहेत. सवलत, परदेशवारी किंवा परिषदेचे निमंत्रण यांपैकी काहीही घेतलेले नाही. माझे मत असे की, ज्या म्यूटेशनचा (जनुकातील बिघाडाचा) शोध घेण्यासाठी ही चिप घडवलेली आहे ती म्यूटेशन शोधण्यात ती चोख आहे. मात्र ज्यांचा शोध ती घेतच नाही, त्यांच्याविषयी तिच्या छापील अहवालातून वाचणाऱ्याचा जो समज होतो, तो धोकादायक आहे.

कोल्हापुरात या तपासणीची गरज कोणाला, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या विक्री प्रतिनिधींना पडतो, म्हणून थोडे सांगतो. शहराला लागून असलेल्या वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि आज कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर उभे राहिले. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी अशा समाजांत बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या ३ ते ४ टक्के या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे, ही गोष्ट वैद्यकात जुनी आहे. याचा अर्थ इतर समाज मोकळे आहेत असा कोणी घेऊ नये. आमच्याकडे करवीर, कागल, शाहूवाडी या तालुक्यांतील अनेक घरांत वाहक सापडले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना "रक्त थोडं कमी आहे" असे सांगून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बाळाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त आणि जोडीला शरीरात साठणारे लोह काढण्याचे औषध, हा क्रम आयुष्यभराचा असतो.

वाहक ओळखण्याची पहिली पायरी आजही एचपीएलसी, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजण्याची तपासणी, हीच आहे आणि ही चिप तिची जागा घेऊ शकत नाही. हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर गेले आणि सोबत लाल पेशींचा आकार लहान असला, की वाहक असण्याची खूण बहुधा पक्की होते. अडचण सीमारेषेवरच्या आकड्यांची असते. लोहाची तीव्र कमतरता असेल तर ए-२ खाली येऊ शकते. ज्या मुलाला नुकतेच रक्त चढवले आहे, त्याच्या एचपीएलसीमध्ये दात्याचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते, त्यामुळे तो आलेख वाचण्यात अर्थच उरत नाही. शिवाय गर्भाची तपासणी करायची झाली, तर "दोघेही वाहक आहेत" एवढी माहिती अपुरी पडते. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकात नेमका कोणता बिघाड आईकडे आहे आणि कोणता वडिलांकडे, हे आधी ठाऊक असावे लागते. गर्भाची कोरिऑनिक व्हिलस तपासणी (वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन केलेली) साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात करतात, आणि आपल्याकडे गरोदर स्त्रीचे नाव नोंदवून पहिले रक्त तपासले जाईपर्यंतच दहावा-बारावा आठवडा उजाडलेला असतो. अशा वेळी नमुना कुरिअरने मुंबईला पाठवून आठ-दहा दिवस वाट पाहायची, की त्याच दिवशी संध्याकाळी उत्तर मिळवायचे, या फरकासाठीच आम्ही हे यंत्र घेतले.

यंत्र टेबलावर मावणारे आहे. त्यात सरकणारी चिप पारदर्शक प्लॅस्टिकची, बँकेच्या कार्डाएवढी लांबरुंद आणि त्याहून काहीशी जाड असते. तिच्या एका टोकाला नमुना भरण्याचे छिद्र, तेथून निघणारी केसाच्या दोन-तीन पट रुंदीची नाली आणि त्या नालीला फुटलेल्या फाट्यांच्या टोकांना आठ कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात एका म्यूटेशनसाठी लागणारे प्रायमर (प्रती काढण्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे), प्रोब (ठरावीक क्रम सापडला की उजळणारे तुकडे) आणि एन्झाइम सुकवून चिकटवलेले असतात. आयव्हीएस १-५, आयव्हीएस १-१, कोडॉन ८/९, कोडॉन ४१/४२, कोडॉन १५, ६१९ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) लोप, सिकल सेलचे म्यूटेशन, आणि आठवा कप्पा नियंत्रणाचा, म्हणजे खेप नीट चालली की नाही हे दाखवणारा, अशी ही मांडणी आहे. यादी विचारपूर्वक निवडलेली आहे. आयव्हीएस १-५ हे भारतात सर्वाधिक आढळणारे बीटा थॅलेसेमिया म्यूटेशन आहे. ६१९ बेसचा लोप सिंधी कुटुंबांत विशेष आढळतो. कोडॉन १५ चे म्यूटेशन महाराष्ट्रात दुर्लक्ष करण्याजोगे नाही. सिकल सेल सोडून उरलेल्या सहा बिघाडांत देशातील बीटा थॅलेसेमियाचा फार मोठा हिस्सा येतो. प्रत्येक कप्प्यात दोन रंगांचे प्रोब आहेत. एक रंग मूळ क्रमासाठी, दुसरा बदललेल्या क्रमासाठी. दोन्ही रंग उजळले तर व्यक्ती वाहक, केवळ दुसरा उजळला तर दोन्ही प्रती बिघडलेल्या.

आतमध्ये चालते ते मुळात १९८३ मध्ये कॅरी मलिस यांना सुचलेले आणि १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवून देणारे पीसीआरच. डीएनएचे दोन धागे ९५ अंशांच्या आसपास सुटे करायचे, तापमान उतरवून प्रायमर चिकटू द्यायचे, आणि पॉलिमरेज या एन्झाइमकडून नवा धागा विणून घ्यायचा. प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात. ३० आवर्तनांत एका तुकड्याचे गणिताने १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात. नेहमीच्या यंत्रात या चढउतारांना वेळ लागतो, कारण धातूचा जाड ठोकळा आणि त्यातील २०-२५ मायक्रोलिटर द्रव दोन्ही तापवावे आणि निववावे लागतात. चिपच्या कप्प्यात द्रव असतो जेमतेम पाच मायक्रोलिटर, आणि त्याच्या आकारमानाच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ फार मोठे. पातेलेभर तेल तापायला जो वेळ लागतो तो फोडणीच्या पळीतल्या तेलाला लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. आंद्रेआस मान्झ यांनी १९९० मध्ये संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका इवल्याशा तबकडीवर आणण्याची कल्पना मांडली. १९९८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेच्या चिपवर तीन तापमानांच्या पट्ट्यांवरून द्रव वाहता ठेवून २० आवर्तने करून दाखवली. त्यांतील सर्वांत वेगवान खेप ९० सेकंदांची होती. आमच्या यंत्रात द्रव फिरत नाही, तो कप्प्यातच थांबतो आणि कप्प्याखालचा हीटर तापमान बदलतो. वेग त्या प्रयोगाइतका नाही, पण रक्त ठेवल्यापासून आलेख हाती येईपर्यंत सव्वा ते दीड तास लागतो, आणि त्यातला वीसेक मिनिटांचा भाग डीएनए वेगळा काढण्यात जातो.

लहान आकाराचा तोटाही त्याच भिंतींतून येतो. भिंत मोठी म्हणजे एन्झाइम तिला चिकटून वाया जाण्याची शक्यता मोठी. सुरुवातीच्या सिलिकॉनच्या चिपना याच दोषाने ग्रासले होते, आणि त्यावर उपाय म्हणून पृष्ठभागावर लेप देणे किंवा मिश्रणात अल्ब्युमिन घालणे रूढ झाले. आमच्या चिपला असा लेप आहे आणि त्याविषयी तक्रार करण्यासारखे काही दिसले नाही. बुडबुड्यांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. द्रवात विरघळलेली हवा तापल्यावर बाहेर पडते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे येथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, म्हणजे ९५ अंशांच्या पायरीला मोकळीक आणखी कमी उरते. कप्प्यात बुडबुडा आला की प्रकाशाचा आलेख एकदम उसळतो किंवा कोसळतो, आणि यंत्र तो कप्पा "अवैध" ठरवते. अवैध ठरवते हे चांगलेच. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा ते बरे. पण चिपचे पैसे गेलेलेच असतात.

एका खोक्यातील चिपमध्ये तर हा त्रास वरचेवर आणि नेमका पहिल्याच कप्प्यात होऊ लागला. कंपनीच्या मदतकेंद्राने आमच्या तंत्रज्ञाच्या पिपेट धरण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले. मला ते पटले नाही, कारण दुसऱ्या लॉटच्या चिपमध्ये तोच हात, तीच पिपेट आणि तोच नमुना बिनबोभाट चालत होता. आमच्या ओळखीचे एक डायमेकर शिवाजी उद्यमनगरात इंजेक्शन मोल्डिंगच्या डाय (प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे) बनवतात. त्यांच्याकडे दोन्ही लॉटची एकेक कोरी चिप नेली. त्यांनी दोन्ही भिंगाखाली धरून फिरवल्या, नखाने छिद्राची कड चाचपली आणि म्हणाले, "डॉक्टर, ह्या चिपला हितं फ्लॅश सुटलाय बघा. डाय घासलीया त्यांची." भिंगातून मलाही दिसले: नमुना भरण्याच्या छिद्राच्या आतल्या काठाला प्लॅस्टिकचा पापुद्र्यासारखा पातळ ओठ होता, दुसऱ्या लॉटच्या चिपवर तो नव्हता. द्रव आत शिरताना त्या ओठामागे हवा अडकत होती आणि पुढे पहिल्या फाट्यात जात होती. छायाचित्रांसह हे कळवल्यानंतर कंपनीने फार वाद न घालता तो लॉट बदलून दिला, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. मात्र पापुद्रा शोधण्याचे काम ग्राहकाच्या गावातील डायमेकरवर यायला नको होते. चिप नवीन घेणाऱ्या लॅबने प्रत्येक लॉटमधील एक चिप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावी, एवढी सवय आम्ही या प्रकारातून लावून घेतली.

नमुन्याविषयी दोन सूचना अनुभवाच्या आहेत. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्येच हवे. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधील हेपॅरिन पीसीआर रोखते, आणि नर्सिंग होममधून घाईत जी ट्यूब हाताला लागेल तीत रक्त भरून पाठवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. डीएनए काढण्याच्या कार्ट्रिजमध्ये ग्वानिडीन थायोसायनेट असते, आणि वापरलेल्या कोणत्याही वस्तूवर हायपोक्लोराइट ओतण्याची आमच्या सर्व लॅबमधील कर्मचाऱ्यांना शिस्त लावलेली असते. ही दोन रसायने एकत्र आली तर विषारी वायू तयार होतात. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हा इशारा आहे, पण शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात आणि फक्त इंग्रजीत. जी व्यक्ती कचऱ्याची बादली प्रत्यक्ष हाताळते, ती हे पुस्तक कधी उघडत नाही. आम्ही बादलीवरच मराठीत ठळक पाटी चिकटवली आहे. कंपनीने ती कार्ट्रिजच्या वेष्टनावर छापायला हवी.

आता अचूकतेविषयी. म्यूटेशन आधीच माहीत असलेले नमुने मुंबईच्या एका संदर्भ प्रयोगशाळेकडून घेऊन आम्ही यंत्र पडताळले, आणि यादीतील म्यूटेशनबाबत चिपचे उत्तर आणि त्यांचे उत्तर जुळत राहिले. सर्वाधिक समाधान दोन प्रकारच्या रुग्णांत मिळाले. पहिला प्रकार वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांचा. चढवलेल्या रक्तातील लाल पेशींना केंद्रक नसते, त्यामुळे डीएनएच्या तपासणीत मुलाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी बोलतात, आणि निदान न होता रक्त सुरू झालेल्या मुलांत जे उत्तर एचपीएलसी देऊ शकत नाही ते चिप देते. दुसरा प्रकार कुटुंबाचा. एका भावाचे म्यूटेशन कळलेले असेल, तर बहीण, चुलत भावंडे, नव्याने लग्न ठरलेला मुलगा यांच्यात तेच आहे की नाही, हे या चिपने झटपट आणि खात्रीने पाहता येते. गांधीनगरातील एका कुटुंबातील आजोबांनी लेकीसुनांसह सर्वांना एकाच दिवशी आणले आणि सायंकाळी दुकान उघडण्याआधी सर्वांची उत्तरे घेऊन गेले. एवढी सोय यापूर्वी कोल्हापुरात नव्हती.

येथपर्यंत यंत्राला पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी हरकत नाही. प्रश्न अहवालाचा आहे. सातही कप्प्यांत बदललेला क्रम आढळला नाही, तर यंत्र हिरव्या चौकटीत "थॅलेसेमिया म्यूटेशन आढळले नाही" असे छापते. हे वाक्य रुग्णाने वाचले, घरच्यांनी वाचले, घाईत असलेल्या डॉक्टरांनी वाचले, तर त्याचा अर्थ "हा वाहक नाही" असाच घेतला जाणार. प्रत्यक्षात त्याचा अर्थ "सहा ठरावीक थॅलेसेमिया म्यूटेशन आणि सिकल सेलचे एक, यांपैकी कोणतेही आढळले नाही" एवढाच आहे. बीटा ग्लोबिन जनुकात थॅलेसेमिया घडवणारी २०० हून अधिक म्यूटेशन जगभर नोंदली गेली आहेत. कॅप +१ हे भारतात आढळणारे म्यूटेशन तर इतके गुपचूप असते की वाहकाचे ए-२ देखील फारसे वाढत नाही, आणि ते या चिपवर नाही. हिमोग्लोबिन ई (बीटा ग्लोबिन जनुकातील वेगळ्या बदलामुळे तयार होणारे हिमोग्लोबिन) या चिपवर नाही. पश्चिम महाराष्ट्रात ते दुर्मीळ आहे म्हणून वगळले, असे कंपनीचे स्पष्टीकरण आहे. ते कागदावर बरोबर असेल. पण गुजरीतील सराफ पेढ्यांना दागिने घडवून देणारे अनेक कारागीर बंगालचे आहेत, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत पूर्वेकडील राज्यांतले कामगार संसार थाटून राहिले आहेत, आणि हिमोग्लोबिन ई बंगाल व ईशान्य भारतात मुबलक आहे. एका पालकाकडून ई आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया मिळालेल्या बाळाचा आजार मेजरइतकाच तीव्र असू शकतो. ई बहुधा एचपीएलसीत दिसते, म्हणून आधी एचपीएलसी न करता नुसती चिप चालवणाऱ्यांनाच याचा फटका बसेल, आणि "एचपीएलसीची गरज नाही" असे सांगूनच यंत्राची विक्री होते आहे, हे मी स्वतः ऐकले आहे.

एचपीएलसीत वाहक ठरलेल्या व्यक्तीच्या चिपवर एकही म्यूटेशन आढळले नाही, तर पुढची पायरी संपूर्ण जनुक वाचण्याची. हे जनुक सुदैवाने लहान आहे, तीन एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेले भाग) आणि सुमारे १६०० बेस, त्यामुळे सँगर पद्धतीने ते वाचणे अवघड नाही. तेवढ्यासाठी नमुना बाहेर पाठवावा लागतो. प्रायमर जेथे चिकटतो नेमक्या त्याच जागी एखाद्याच्या डीएनएमध्ये निरुपद्रवी फरक असला, तर एक प्रत मुळी वाढतच नाही आणि वाहक व्यक्ती रुग्ण भासू शकते, ही शक्यताही ध्यानात ठेवावी लागते. धडधाकट, कधी रक्त न घेतलेल्या प्रौढाचा अहवाल "दोन्ही प्रती बिघडलेल्या" असा आला, तर आधी यंत्रावर शंका घ्यावी.

गर्भाच्या नमुन्यासाठी आम्ही ही चिप वापरत नाही, आणि इतरांनीही वापरू नये असे मला वाटते. याला एक कारण कायद्याचे आहे. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार प्रसवपूर्व जनुकीय तपासणी नोंदणीकृत केंद्रांतच, ठरावीक कारणांसाठी आणि लेखी संमतीने करता येते. हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार हे त्या कारणांत बसतात, पण नोंदणीशिवाय ते कारणही उपयोगाचे नाही. २००१ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे मुलींची संख्या ८३९ इतकी खाली गेली होती, त्या जिल्ह्यात कोणत्याही नव्या डीएनए यंत्राकडे प्रशासनाने बारकाईने पाहावे, हे योग्यच आहे. या यंत्राच्या नियंत्रण कप्प्यात लिंग गुणसूत्रावरील जनुक वापरलेले नाही, याची खात्री आम्ही खरेदीपूर्वी लेखी मागून घेतली. दुसरे कारण शास्त्राचे. गर्भाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. बाळाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असताना आईची निरोगी प्रत त्यात मिसळली, तर चिप "वाहक" असे सांगेल आणि आईवडील निर्धास्त होतील. ही भेसळ ओळखण्यासाठी वेगळे मार्कर (आई आणि बाळ यांच्यातील फरक दाखवणारे डीएनएचे भाग) तपासावे लागतात, आणि त्याची सोय या चिपवर नाही. विक्री प्रतिनिधीच्या सादरीकरणात "प्रसवपूर्व" हा शब्द मात्र होता.

आमच्या हवामानाचा विचार यंत्राच्या रचनेत कमी पडला आहे. सुकवलेले रसायन ओलावा पटकन ओढते. जुलै-ऑगस्टच्या झडीत फॉइल फोडल्यानंतर चिप काही मिनिटे टेबलावर राहिली, तर नियंत्रणाचा कप्पाच उशिरा उजळू लागतो. तेव्हा आधी डीएनए तयार ठेवून मगच फॉइल फोडावे. यंत्रात बॅटरी नाही. खेप सुरू असताना वीज गेली तर ती रद्द होते आणि चिप फुकट जाते. क्षयरोग कार्यक्रमातील ट्रूनॅट हे गोव्यात तयार होणारे चिपवरील पीसीआर यंत्र बॅटरीवर चालते, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली, आणि वीज नसलेल्या केंद्रांचा विचार भारतीय यंत्रात करता येतो हे त्याने दाखवून दिलेले आहे. मग येथे अडले कोठे, हे कळत नाही. दुसरीकडे, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि नमुन्यांची वाहतूक दिवसचे दिवस ठप्प झाली, त्या काळात असे यंत्र गावात असते तर त्याचे मोल वेगळे सांगावे लागले नसते.

माहितीच्या गोपनीयतेबाबत कंपनीचे वर्तन मला आवडले नाही. यंत्रात सिमकार्ड आहे आणि प्रत्येक अहवाल, रुग्णाच्या नावासह, आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर जातो. ही सुविधा बंद करता येते, परंतु यंत्र येते ते ती चालू ठेवूनच, आणि यंत्र बसवायला आलेल्या अभियंत्याने त्याचा उल्लेखही केला नाही. वाहक असणे हा आजार नव्हे, तरीही ही बातमी फुटली तर ठरलेली लग्ने मोडतात, आणि ती बहुतेक वेळा मुलीचीच मोडतात. आम्ही सिमकार्ड काढून ठेवले आहे आणि चिप चालवताना नावाऐवजी आमचा नोंदणी क्रमांक घालतो. यंत्र त्याविना व्यवस्थित चालते.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी आणि ड्युशेन या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारांसाठीही चिप येणार असल्याचे कंपनी सांगते. पहिल्या आजारात बहुतेक रुग्णांत एसएमएन-१ जनुकाचा एक्सॉन ७ दोन्ही प्रतींतून गायब असतो, त्यामुळे रुग्ण ओळखणारी चिप करता येईल. वाहक ओळखण्यासाठी प्रती मोजाव्या लागतात आणि तेथे ही साधी दोन रंगांची पद्धत तोकडी पडते. नमुना हजारो सूक्ष्म थेंबांत विभागून मोजणारे डिजिटल पीसीआर त्यासाठी योग्य आहे. ड्युशेनच्या जनुकाला ७९ एक्सॉन आहेत आणि या चिपला कप्पे आठ. अधिक लिहिण्याची गरज नाही.

खर्चाचे बोलायचे तर एक चिप आणि एक कार्ट्रिज मिळून अडीच हजारांच्या आसपास पडतात, म्हणजे दाम्पत्यामागे पाच हजार. बाहेर पाठवण्याच्या खर्चापेक्षा थोडे कमी, पण फार कमी नाही. स्वस्त पडते म्हणून हे यंत्र कोणी घेऊ नये. वेळ वाचतो म्हणून घ्यावे. चिपचा खोका एकदम घ्यावा लागतो आणि मुदत वर्षभराची असते, त्यामुळे ज्या लॅबकडे स्वतःची एचपीएलसी नाही आणि वाहक दाम्पत्ये नियमित येत नाहीत, तिथे अर्ध्या चिप कपाटातच कालबाह्य होतील. खरेदीपूर्वी सीडीएससीओचा (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचा) परवाना नेमक्या त्याच चिपचा आहे का, हे तपासावे. यंत्राचा परवाना दाखवून "केवळ संशोधनासाठी" असा शिक्का असलेल्या चिप गळ्यात मारण्याचा प्रकार बाजारात चालतो. दुरुस्तीसाठी अभियंता पुण्याहून येतो. सेवा तत्पर आहे, आणि ज्या मुलाला आमच्याकडे पाठवतात तो कामात हुशार आहे.

अहवालातील ते हिरवे वाक्य बदलावे, यासाठी कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी लॅबच्या शेऱ्यासाठी एक ओळ दिली, पण तीत मराठी मजकूर घातला की छपाईत नुसते चौकोन उमटतात. म्हणून "या तपासणीत सातच म्यूटेशन पाहिलेली आहेत, एचपीएलसीत आपण वाहक आढळला असाल, तर हा अहवाल कोरा असला तरी आपण वाहकच आहात, आणि जोडीदाराची तपासणी झालीच पाहिजे" असा मजकूर आम्ही वेगळ्या कागदावर छापून प्रत्येक अहवालाला पुढच्या बाजूने टाचतो.